ललिता पवार : एका आख्यायिकेचा प्रतिवाद

चित्रपटसृष्टीविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये एक कथा गेली कित्येक वर्षे इतक्या निःशंकपणे रूढ झाली आहे की, ललिता पवार हे नाव उच्चारताच ती आपोआप पुढे येते आणि या नटीची जवळजवळ सात दशकांची कारकीर्द तिच्याआड झाकली जाते. कथा अशी : ललिताबाई देखण्या नायिका होत्या, १९४२ साली ‘जंग-ए-आज़ादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान या नवख्या नटाने प्रसंगाच्या गरजेपेक्षा अधिक जोराने त्यांच्या मुस्कटात मारली, त्या आघाताने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याला इजा झाली, तीन वर्षे उपचार झाले, पण डोळा पूर्ववत झाला नाही, नायिकेच्या भूमिकांचे दार बंद झाले आणि निरुपायाने त्यांना खाष्ट सासवा रंगवाव्या लागल्या. हे ऐकून हळहळणारे म्हणतात की, एका थपडेने आपण एक नायिका गमावली. दैवाच्या लीलांचे कौतुक असणारे म्हणतात की, त्याच थपडेने आपल्याला एक असामान्य खलनायिका दिली. ही दोन मते वरवर परस्परविरुद्ध दिसली, तरी ललिताबाईंच्या कारकिर्दीचे कर्तृत्व ललिताबाईंकडे नसून त्या थपडेकडे आहे, हे दोहोंनाही सारखेच मान्य आहे. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही ते येथे सविस्तर मांडायचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दुखापत खरी होती, ती कायमची होती, आणि तिने त्या स्त्रीला सोसावयास लावलेले दुःख क्षुल्लक होते असे सुचविण्याचा माझा लवमात्र हेतू नाही. ज्या व्यवसायात चेहरा हेच भांडवल, त्या व्यवसायात सव्विसाव्या वर्षी चेहऱ्यावर असा प्रसंग गुदरणे म्हणजे काय, हे कळण्यास फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. माझा आक्षेप दुखापतीच्या सत्यतेवर नाही. त्या एका घटनेला साऱ्या कारकिर्दीचे कारण म्हणून जे स्थान मुकर्रर केले गेले आहे, त्यावर आहे.

प्रथम कालक्रम पाहू. कथेतील भगवान ‘नवखे’ आहेत, कारण नवखेपणाशिवाय त्या चुकीचा उलगडा सांगणाऱ्यास सुचत नाही. वस्तुस्थिती अशी की, भगवान पालव मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते, मारामारीच्या चित्रपटांत त्यांचा हात बसलेला होता, आणि १९३८ सालच्या ‘बहादुर किसान’च्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. तीच गत तीन वर्षांच्या उपचारांची आणि त्यानंतर आरंभ झालेल्या मानलेल्या उतरणीची. १९४२ मध्ये आघात, पुढे तीन वर्षे उपचार, आणि मग मिळतील त्या भूमिका अशी सरळ रांग ही कथा लावते. परंतु ती तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १९४४ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात ललिता पवार आनंदीबाई म्हणून उभ्या आहेत. ही भूमिका दयाबुद्धीने पदरात टाकण्याजोगी नव्हे. प्रभातसारखी संस्था, गजानन जागीरदारांसारखा नट शास्त्रीबुवांच्या भूमिकेत, आणि मराठी मनात पेशवा नारायणरावाच्या वधाशी कायमची जोडली गेलेली राघोबाची पत्नी. त्या पत्नीचे काम फसले असते तर रामशास्त्र्यांच्या न्यायनिष्ठेला तोलामोलाचे आव्हानच उरले नसते. अशी भूमिका एखाद्या संस्थेने अठ्ठावीस वर्षांच्या नटीकडे सोपविली, ती तिच्या डोळ्याकडे पाहून की तिच्या अभिनयशक्तीकडे पाहून, याचा निवाडा सुज्ञ वाचकाने करावा.

आता त्याआधीचा काळ घेऊ, कारण आख्यायिका सांगणाऱ्यांना तो फक्त ‘देखणी नायिका’ या दोन शब्दांपुरता हवा असतो. १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवल्यास जन्मलेली अंबा सगुण ही मुलगी, म्हणजेच पुढच्या ललिता पवार, अजून धड लिहायला-वाचायला शिकण्याच्या वयात, पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत पगारदार बालनटी म्हणून दाखल झाली. मूकपटाच्या नटाला वाणीचा आधार नसे. क्रोध, लज्जा, भय, लाचारी जे काही सांगायचे ते मानेच्या एका झटक्याने, खांद्याच्या ठेवणीने, पापणीच्या हालचालीने सांगावे लागे. पुढे गणपतराव पवारांनी दिग्दर्शित केलेल्या देमारपटांतून तिने शारीरिक चापल्याचे शिक्षण घेतले. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत तिने भाग घेतला. बोलपट आल्यावर त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे ‘हिम्मत-ए-मर्दा’ सारख्या चित्रपटात स्वतःच्या गळ्याने गाणी म्हटली. आणि १९३८ साली टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ हा चित्रपट काढण्याचे धाडस केले. बावीस वर्षांची एक नटी, जिच्यापाशी शालेय शिक्षणाची शिदोरी जवळजवळ नव्हती, ती स्वतःचा पैसा आणि प्रतिष्ठा टॉलस्टॉयवर लावते, ही गोष्ट त्या थपडेपेक्षा अधिक सांगण्याजोगी नाही काय? १९४२ पूर्वीच या बाईंच्या ठायी चौदा-पंधरा वर्षांची तालीम, निर्मात्याचा अनुभव आणि तीन प्रकारच्या चित्रपटांचा अभ्यास जमा झालेला होता. पुढच्या काळात जे दिसले ते या मुद्दलावरचे व्याज आहे.

परंतु आख्यायिकेचा खरा कमकुवतपणा दुसरीकडेच आहे. नायिकेचे दार बंद होण्याचे कारण डोळ्याची इजा हे होते, असे ती गृहीत धरते. जणू डोळा धड राहिला असता तर ललिताबाई चाळीशीपर्यंत नायिका राहिल्या असत्या. या गृहीतकाला त्यांच्या समकालीन नटींचा इतिहास काय साक्ष देतो ते पाहा. लीला चिटणीस १९३९ च्या ‘कंगन’मध्ये आणि १९४१ च्या ‘झूला’मध्ये अशोककुमारांच्या नायिका होत्या आणि साऱ्या देशाच्या लाडक्या होत्या, दहाएक वर्षांतच, १९४८ च्या ‘शहीद’मध्ये आणि १९५१ च्या ‘आवारा’मध्ये, त्या नायकाच्या आई झाल्या. ‘कंगन’चे नायक अशोककुमार मात्र १९५८ साली ‘हावडा ब्रिज’मध्ये मधुबालेचे नायक आहेत. ‘अयोध्येचा राजा’तील तारामती आणि ‘अमरज्योती’तील सौदामिनी साकारणाऱ्या दुर्गाबाई खोटे पुढे ‘मुग़ल-ए-आज़म’मध्ये जोधाबाई म्हणून पुत्र आणि पती यांच्यामध्ये उभ्या राहतात. ‘वहिनीच्या बांगड्या’तील सुलोचनाबाई मराठीत नायिका असतानाच हिंदीत मातेच्या भूमिकांकडे वळविल्या जातात. या तिघींपैकी कोणाच्याही मुस्कटात कोणी मारली नव्हती, कोणाच्याही डोळ्याची शीर फाटली नव्हती. तरीही तिघींची वाट तीच. तेव्हा स्त्रीला तिशीच्या उंबरठ्यावर नायिकापदावरून उतरविणारा आणि पुरुषाला पन्नाशीतही नायक ठेवणारा हा चित्रपटधंद्याचा अलिखित कायदा होता; आजही त्याची अंमलबजावणी पुष्कळशी तशीच चालू आहे. एका माणसाच्या हाताच्या चुकीवर सारी जबाबदारी टाकली की हा कायदा आणि तो चालविणारे, दोघेही सुटतात. आख्यायिकेची लोकप्रियता टिकण्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

यानंतर तो डोळा. ‘बारीक झालेल्या डोळ्याने त्यांना खलनायिका केले’ हे वाक्य इतक्यांदा छापले गेले आहे की, त्याची शहानिशा करण्याचे कोणास सुचत नाही. शहानिशा अवघड नाही. १९५५ हे एकच साल घ्यावे. त्या वर्षी राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये ललिताबाई केळी विकणारी गंगामाई आहेत आणि गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये मधुबालेची धनाढ्य आत्या सीतादेवी. गंगामाई मुंबईच्या फुटपाथवर टोपली पुढ्यात घेऊन बसते. नव्याने शहरात आलेल्या राजशी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करताना तिचा आवाज बाजारातल्या बायकांचा, वरच्या पट्टीतला, समोरच्याला बोलू न देणारा असा निघतो. पण त्या पोराच्या बोलण्यात ममतेची भूक आहे हे जाणवताच कपाळावरची आठी कायम ठेवून ओठांचे कोपरे तेवढे ती सैल सोडते, आणि आई झाल्याचे एका शब्दाविना सांगून टाकते. पुढे शंभर रुपयांत घर देण्याच्या आमिषाने गोरगरिबांची पुंजी ओढणारा तोच राज समोर उभा राहतो, तेव्हा तिच्या विश्वासाने साऱ्या फसवणुकीला नैतिक वजन येते. उलट सीतादेवी पाठीचा कणा ताठ ठेवून चालतात, हात क्वचित हलवितात, वाक्य पुरे झाल्याखेरीज मान वळवीत नाहीत. त्यांचा आवाज सभामंचावर घडलेला आहे. दोन्ही बायकांचा डावा डोळा तोच. तो डोळा एकीला प्रेमळ करतो आणि दुसरीला कठोर करतो, असे कोणी म्हणू लागल्यास डोळा हे कारणच उरत नाही. कारण उरते ती त्या डोळ्याने पाहणारी नटी.

१९५९ च्या ‘अनाड़ी’चा दाखला तर या बाबतीत निर्णायक मानला पाहिजे. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटात मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण भाडेकरू राजवर दिवसभर कातावते. तिच्या रागाचा एकही शब्द खरा नाही हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळते, आणि तरीही तो राग लटका वाटत नाही. रागाच्या पोटी माया आहे हे दाखविण्याचा सोपा मार्ग म्हणजे रागावून झाल्यावर पाठमोरे होऊन हसणे. ललिताबाई तो मार्ग टाळतात. त्या शेवटपर्यंत रागावतात, आणि माया दिसते ती ताट पुढे सरकविण्याच्या घाईत, सदऱ्याकडे टाकलेल्या एका नजरेत, उशीर झाल्यावर दाराशी केलेल्या खोळंब्यात. म्हणूनच भेसळीच्या औषधाने तिचा अंत होतो तेव्हा चित्रपटातील श्रीमंतांच्या गुन्ह्याला एक विशिष्ट, ओळखीचे, घरातले माणूस बळी पडते. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले, आणि १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जींनी ‘मेम-दीदी’ काढला, ज्याचे नावच त्यांच्या भूमिकेचे नाव आहे. ज्या नटीला नायिकापदावरून हद्दपार केल्याचे सांगितले जाते, तिच्याभोवती पंचेचाळिसाव्या वर्षी एक अख्खा चित्रपट रचला गेला, ही गोष्ट आख्यायिका सांगणाऱ्यांच्या दप्तरी कोठेच नोंदलेली नसते.

येथे एक अधिक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. त्यांचे म्हणणे असे की, थपडेची कथा बाजूला ठेवली तरी ललिता पवारांनी आयुष्यभर दुष्ट सासूचा साचा मजबूत केला, सुनेचा छळ हा घराघरांतील बायकांचाच आपसांतील मामला आहे असा समज पसरविण्यास हातभार लावला, आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये तर स्त्रियांच्या घटस्फोटाच्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्या बाईला हास्यास्पद ठरविण्याच्या कामी आपला अभिनय लावला. यातील कथानकांविषयीचा भाग मी नाकारीत नाही. हिंदू विवाहाचा कायदा ज्या १९५५ साली संमत झाला, त्याच वर्षी त्या कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्या स्त्रीला पुरुषद्वेष्टी ठरविणारे कथानक रचले गेले, याची जबाबदारी कथा रचणाऱ्यांनी घेतलीच पाहिजे. प्रश्न नटीचा आहे. तिच्यासमोर जो कागद ठेवला जातो, त्यातील माणूस खरा करणे हे तिचे काम. आणि तेथे ललिताबाईंनी जे केले त्याने साचा मजबूत झाला की आतून पोखरला गेला, हे भूमिका पाहूनच ठरवावे लागेल.

व्ही. शांताराम यांच्या १९५० च्या ‘दहेज’मधील सासू घ्या. ती हुंड्यासाठी सुनेला छळते, हे तर खरेच. पण ललिताबाईंच्या मुद्रेवर छळाचा आनंद दिसत नाही, दिसते ती मानापमानाची अखंड चिंता, भाऊबंदांत आपली किंमत किती ठरेल याचा दिवसरात्र चाललेला हिशेब. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मधील वृद्धा अस्पृश्य मुलीची सावली टाळते ती क्रौर्याने टाळीत नाही, वहिवाटीने टाळते, देवपूजेला बसण्याइतक्या सहजतेने ती अन्याय करते, आणि त्या सहजतेमुळेच प्रेक्षकाला आपल्या घरातील एखादी आजी आठवून अस्वस्थ वाटते. ‘जंगली’मधील माता हसण्यालाही घरंदाजपणाचा भंग मानते, त्या नियमाच्या मुळाशी घराण्याचा डोलारा एकटीने सांभाळणाऱ्या बाईची भीती आहे, आणि ती भीती ललिताबाई पहिल्या दृश्यापासून चेहऱ्यावर वागवितात. आणि १९६२ च्या ‘प्रोफेसर’मधील करडी पालक बाई, जिने पुतण्या-भाच्यांच्या शिस्तीपायी स्वतःचे तारुण्य मोडीत काढले, ती म्हाताऱ्या शिक्षकाचे सोंग घेतलेल्या तरुणावर लुब्ध होऊन नटूथटू लागते, तेव्हा चित्रपटगृह हसते खरे, पण त्या हास्यात तिच्याविषयी अनादर राहत नाही, कारण आरशासमोर उभी असलेली ती बाई आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, या धास्तीने ज्या लगबगीने पदर सावरते, त्यात तिच्या साऱ्या दवडलेल्या वर्षांचा पत्ता लागतो. खाष्टपणाला कारण असते, त्या कारणाला इतिहास असतो, आणि त्या इतिहासात बहुधा त्या बाईवरही कोणीतरी अन्याय केलेला असतो, हे या नटीने कागदावर नसतानाही दाखविले. साचा पसरविणे आणि साच्यात माणूस आणून बसविणे या दोन कामांत महदंतर आहे. दुसरे काम करणाऱ्याला पहिल्याच्या गुन्ह्यात गोवणे हा इन्साफ नव्हे.

या साऱ्या गैरसमजांच्या तळाशी चित्रपटव्यवसायातील एक जुनी वर्णव्यवस्था आहे. नायक-नायिका वरच्या पायरीवर. त्याखाली ‘चरित्रनट’ म्हणून ओळखले जाणारे सारे. आणि खालच्या पायरीवर असणे म्हणजे वरून घसरणे, असा सर्वांचा समज. या समजामुळे कष्टकरी नटाच्या आयुष्याची कथा सांगताना प्रत्येकजण घसरण्याचा क्षण शोधू लागतो. ललिताबाईंच्या बाबतीत तो एका थपडेच्या रूपाने आयताच सापडला. वास्तविक, नायिकेला एका चित्रपटासाठी महिनोन्‌महिने मिळत असताना चरित्रनटीला चार-दोन दिवसांच्या चित्रीकरणात एक संपूर्ण आयुष्य उभे करावे लागते. कंपन्यांच्या मासिक पगाराची पद्धत महायुद्धानंतर मोडली आणि नट चित्रपटागणिक करारावर काम करू लागले, तेव्हापासून एकाच आठवड्यात सकाळी एका स्टुडिओत विधवा आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत महाराणी व्हावे लागणे, नायकाच्या तारखा बदलल्या की आपल्या तारखा मुकाट्याने बदलून देणे, पटकथा हाती न येता प्रसंगापुरता कागद हाती येणे, ही चरित्रनटांची नित्याची जीवनपद्धती झाली. अशा परिस्थितीत शेकडो चित्रपटांत काम करून ज्या नटीची मंथरा १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये गाजली आणि सव्वीस वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर, रामानंद सागरांच्या दूरदर्शन मालिकेत पुन्हा तीच मंथरा होऊन जिने साऱ्या देशाला रविवारी सकाळी खिळवून ठेवले, तिच्या सातत्याला दैवाचा खेळ म्हणणे हा तिच्या श्रमांचा अपमान आहे.

आणि थपडेविषयी बोलायचेच असेल, तर आजवर कोणी बोलले नाही ते बोलावे. हा कामाच्या जागी, मालकाच्या हुकमाने चाललेल्या कामात, कामगाराला झालेला अपघात होता. गिरणीतील मजुराचा हात यंत्रात सापडला तर त्याला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ सालीच झाला होता. पण या आख्यायिकेच्या हजारो आवृत्त्यांपैकी एकीतही भरपाई, उपचारांचा खर्च, निर्मात्याची जबाबदारी यांतील एकही शब्द येत नाही. चित्रपटकामगारांशी लेखी करार केला पाहिजे असे बंधन घालणारा कायदा संसदेने केला तो १९८१ साली, म्हणजे त्या घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. अपघाताला नशीब म्हटले की हिशेब मागण्याचे कारण उरत नाही. एखाद्या स्टंटवाल्याचा पाय मोडतो, एखादी नर्तकी तापाने फणफणत असताना नाचते, तेव्हाही हीच नशिबाची भाषा वापरली जाते, आणि ललिताबाईंची कथा त्या भाषेला सर्वांत प्रतिष्ठित उदाहरण पुरविते. म्हणून तिचा प्रतिवाद करणे हे एका दिवंगत नटीच्या कीर्तीपुरते मर्यादित काम नाही. आज ज्या नटनट्या जायबंदी होऊनही दुसऱ्या दिवशी हजेरी लावतात, त्यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत ललिता पवार पुण्यात निवर्तल्या, आणि त्यांच्या मृत्युलेखांतही थपडेने पहिले परिच्छेद अडविले. यापुढे जो कोणी त्यांच्याविषयी लिहील त्याने आर्यन कंपनीतील पोरवयाची चाकरी लिहावी, टॉलस्टॉयवर लावलेला पैसा लिहावा, आनंदीबाई लिहावी, गंगामाई आणि सीतादेवी एका वर्षाच्या आहेत हे लिहावे, मिसेस डिसाचा राग लिहावा. आणि दुखापतीची नोंद करायचीच तर ती कोणाच्या कामावर झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, या प्रश्नासह करावी. नटीचे मोठेपण तिने केलेल्या कामात असते. ते काम आजही पडद्यावर उपलब्ध आहे, कोणालाही पाहता येते. ते न पाहता तिच्या कारकिर्दीचा निकाल देण्याचा अधिकार कोणालाही नाही.